आठ-एकोणचाळीस

दार ढकललं तर ते चार बोटं उघडलं आणि शेजारच्या होडीवर आपटून थांबलं. त्या फटीतून माझा हात कसाबसा बाहेर गेला असता, मी नाही. उजवीकडे बाबा आणि स्टिअरिंग, मधे गिअरचा दांडा, पायाशी दोरखंडाचं वेटोळं. खाली मागची चाकं वाळूत रुतून बसलेली, इतकी की गाडीचं पोटच वाळूवर टेकलं होतं. केबिनमधे क्लच जळल्याचा वास कोंडला होता, आणि बाहेरच्या आरशात समुद्र दिसत होता. मघाशी तो आरशाच्या वरच्या कडेला होता. आता मधोमध आला होता.

"बाबा, माका भायर पडाक गावना नाय."

"बस थंयच," बाबा म्हणाले. "मी तरी खंय भायर पडलंय?"

आमच्या मागे दोराला धोंडूकाकांची होडी होती. मे महिना संपत आला की आमच्या वाडीत सगळ्या होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात. मासेमारी बंद होते, समुद्र खवळतो, होडी पाण्यात ठेवायची सोय नाही. पूर्वी माणसं ओढायची. आता माणसं मुंबईला असतात किंवा त्यांची कंबर दुखते, म्हणून गाडी लागते. ते काम करायचं म्हणून बाबांनी गेल्या वर्षी जुना ट्रक घेतला, त्याचा मागचा हौदा कापून आखूड केला आणि वाळूत रुतू नये म्हणून मागे मोठे टायर घातले. आणि आज तीच गाडी वाळूत रुतून, एका बाजूला घसरून, दुसऱ्याच कुणाच्या तरी होडीला टेकून उभी होती.

धोंडूकाका गुडघाभर पाण्यात उभे राहून ओरडले, "सत्यवाना, माझी होडी वर काढतलंस, की तुझी गाडी समुद्रात सोडतलंस, ता एकदा ठरय."

बाबांनी पहिला गिअर टाकला, हळूच क्लच सोडला. इंजिन कण्हलं, गाडी थरथरली आणि बंद पडली. पुन्हा तेच.

"गौरजाक उतरय," काका म्हणाले. "तिच्या तोंडाचा वजन जास्त झाला."

किनाऱ्यावरचे सगळे हसले. एरवी मी उत्तर दिलं असतं. जानेवारीत तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात सायकलच्या गिअरवर बोलून आल्यापासून माझं तोंड बंद होत नाही असं आई म्हणते, आणि खरंच होत नाही. आधी मी वर्गात नाव विचारलं तरी खाली बघायचे. पण आता त्या फटीतून कोणाला उत्तर देणार? गाडीत अडकलेल्या माणसाच्या बोलण्याला वजन नसतं. मी आरशात बघत बसले. पाणी मागच्या टायरला लागलं.

शेवटी तारकर्लीहून ट्रॅक्टर आला. त्याने आधी आम्हाला ओढलं, मग होडीला. ट्रॅक्टरवाला एक शब्द बोलला नाही, त्याने नुसता दोर गुंडाळला. तो काही बोलला असता तर बरं झालं असतं.

"माझे आणखी दोन होडये आसत," काका बाबांना म्हणाले. आता ते हसत नव्हते. "ट्रॅक्टरवाल्याक सांगू काय? तुझ्यार राग नाय हां. पण अमावास्येच्या उधाणाआधी वर येवक होये."

"अमावास्येपर्यंत थांब," बाबा म्हणाले.

"थांबतंय. पुढे नाय."

त्या दिवशी जेवताना बाबांना गोव्याहून फोन आला. आवाज आईला आणि मला ऐकू येत होता. ट्रेलरच्या मालकाचा. मी लहान असताना बाबा त्याच्याकडे होते. गोव्याहून पार गुजरातेत कांडल्याला ट्रेलर न्यायचे, घरी यायचे ते पाहुण्यासारखे. माझी पहिलीची आणि पाचवीची गॅदरिंग त्यांनी फोनवर पाहिली. आपला ट्रक घेतला तेव्हा ते सगळं संपलं असं आम्ही धरून चाललो होतो.

"होड्यांचा काम जमला तर नाय येवचंय," बाबा फोनवर म्हणाले. "नाय जमला तर जूनपासून येतंय."

आईने माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला आणि तो उगाच पुन्हा सरळ केला.

म्हणजे सगळं त्या गाडीवर होतं. ती वाळूत चालली तर बाबा इथे, नाही चालली तर कांडला.

सकाळी मी घरासमोरच्या खळ्यात गाडीखाली शिरले. मला सायकलचे गिअर माहीत होते, ट्रकचे नव्हते, पण दात ते दातच. ट्रकच्या मागच्या आसात, दोन चाकांच्या मधे, लोखंडाचा एक मोठा गोल डबा असतो. त्याच्या आत एक लहान दातेरी चाक असतं, ते पिनियन. ते इंजिनकडून येणाऱ्या दांड्याबरोबर फिरतं आणि मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं, तो क्राऊन. आमच्या गाडीत पिनियनला आठ दात आणि क्राऊनला एकोणचाळीस. म्हणजे दांडा जवळजवळ पाच वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. मला ते मोजून बघायचं होतं.

मी जॅकवर एक चाक उचललं, टायरवर आणि दांड्यावर खडूने खुणा केल्या.

"आये, चाक फिरय. एक पुरो फेरो. मी दांडो मोजतंय."

आईने पदर खोचला आणि चाक फिरवलं. दांडा अडीच वेळा फिरला. अडीचला जरा कमीच. पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच.

"चुकला कायतरी," मी गाडीखालून म्हटलं. "पाच होवक होये."

बाबा चहाचा कप घेऊन पायरीवर बसले होते. कालपासून पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "एकच चाक उचललंस म्हणान. दुसरा जमनीर अडाकला मां? मगे तेच्या वाट्याचो फेरो पण ह्याच चाक मारता. एक अडाकला की दुसऱ्याक दुप्पट फिराचा लागता."

"म्हायत आसा माका," आई हात झटकत म्हणाली. "कांडल्याचो ट्रेलर होतो तेव्हा मी काय करी होतंय, तुमका काय वाटला?"

बाबांनी चहात बघितलं.

मग मी विहिरीजवळ पडलेला जुना टायर आणि गाडीचा नवा टायर, दोघांना सुतळी गुंडाळून मापलं. नवा मोठा निघाला, बारा हिश्श्यांत एक हिस्सा तरी. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं. म्हणजे गाडी आधीच लांब ढांगा टाकणारी, ती आणखी लांब ढांगा टाकायला लागली. रस्त्यावर लांब ढांगा बऱ्या. वाळूत, मागे होडी बांधलेली असताना, लहान लहान पावलं लागतात. टायर वाळूसाठी घातले आणि त्यांनीच गाडीची ताकद खाल्ली. मी गाडीखालून निघाले तेव्हा माझ्या कपाळाला ऑइल होतं आणि मला नाचावंसं वाटत होतं.

"बाबा, आठ-एकोणचाळीस काढूचा. सहा-एकेचाळीस घालूचा. मगे दांडो जवळजवळ सात फेरे मारतलो तेव्हा चाक एक फेरो मारतला. गाडी ओढतली."

"म्हायत आसा."

"कवापासून?"

"टायर घातलंय तेव्हापासून."

मला वाटलं होतं की उत्तर सापडलं की दार उघडतं. मी तशीच उभी राहिले, हातात सुतळी घेऊन.

"मगे घातलास कित्याक नाय?"

"कौल लावललो," बाबा म्हणाले आणि कप विसळायला उठले. त्यांच्या दृष्टीने बोलणं संपलं होतं.

आमच्या वाडीत कुठलंही मोठं काम देवाला विचारल्याशिवाय होत नाही. विहीर कुठे खणायची, लग्न ठरवायचं की नाही, होडीला रंग कधी द्यायचा. भाई गुरव देवाच्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतात, देवाला सगळी हकिगत सांगून प्रश्न विचारतात, आणि कुठली पाकळी आधी पडते ते सगळे बघतात. बाबांनी गाडी घेतल्यावर विचारलं होतं की आठ-एकोणचाळीसची जोडी ठेवू की बदलू. उजवी पडली. ठेव. आणि एकदा मिळालेला कौल मोडायचा नसतो. मला हे सगळं माहीत होतं, मी तो कौल लागताना देवळात प्रसादाच्या खोबऱ्यावर लक्ष ठेवून उभी होते. पण तेव्हा तो माझ्या घराभोवती कुंपणासारखा उभा राहील असं वाटलं नव्हतं.

आमची वाडी तशीही अडकलेलीच आहे. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे माडांची पट्टी आणि एकच रस्ता. लहानपणी मला वाटायचं की जग एवढंच रुंद असतं. त्या दुपारी पुन्हा तसंच वाटलं. आकडे बरोबर, बाबांना माहीत, मला माहीत, आणि तरी कोणालाच हलता येत नाही.

आई मागच्या दारी बांगडे कापत होती. मी तिच्यासमोर बसून देवावरचा राग काढायला सुरुवात केली.

"देवाक कित्याक मधी घेतंस?" आई म्हणाली. "देवान उत्तर दिल्यान. प्रश्न कोणी घातलो?"

"बाबांनी."

"काय म्हणान घातलो? गाडी हय काम करतली, अधीमधी लांबव जातली, तर आठ ठेवू मां? असो घातलो. मगे देव काय म्हणतलो? ठेव म्हणालो. तेव्हा टायर बारके होते. मागसून तुझ्या बापाशीन टायर बदलल्यान. देवाक सांगल्यान? नाय."

"मगे परत विचारूचा. गाडीच बदलली तर प्रश्न नवो झालो."

"विचारूक गेलो तर भाई पयला काय म्हणतले? मधी काय बदललंस ता सांग. वाडीसमोर सांगूचा लागात की देवाक एक गाडी दाखयलंय आणि दुसरीच चालयतंय." आईने एक बांगडा उलटा केला. "आणि ता पण खरा कारण नाय. आठ असलो की गाडी ऐंशीन पळता. मुंबय, गोवा, खंयव. सहा घातलो की साठ. मगे ती हयची."

"बाबांका लांब जावचा आसा?"

"जावचा नाय गो. पण जावक येता ह्या म्हायत असाचा लागता माणसाक."

मी विचार केला की मला दहावीनंतर कुठे जायचंय. कुडाळ, कोल्हापूर, पुणे. मी रोज एक गाव बदलते. कोणी मला सांगितलं असतं की तू आता इथलीच, तर? मला एकदम बाबांची बाजू कळली आणि ते मला अजिबात आवडलं नाही. एकच बाजू असली की भांडायला सोपं जातं.

तरी मी गप्प बसले नाही. संध्याकाळी बाबांसमोर उभी राहिले. "तुमी देवाक सांगाचास. मी येतंय वांगडा. नाय सांगलास तर अमावास्येक ट्रॅक्टर येतलो आणि जूनाक तुमी जातलास. मगे सायकलीचो गिअर कोणाक सांगू मी, फोनाक?"

बाबा आरशात बघत होते. गाडीच्या आरशात, अंगणात उभ्या गाडीच्या. मग म्हणाले, "तोंड कोणाचा घेतलंस गो तू?"

"तुमचा नाय," आई आतून म्हणाली.

सोमवारी देवळात धोंडूकाका होते, आणखी चार घरचे होते. भाई गुरवांनी पाकळ्या चिकटवल्या. उजवी म्हणजे क्राऊन बदल, डावी म्हणजे राहू दे. भाईंनी गाऱ्हाणं घातलं, सत्यवानाच्या गाडीचं, होड्यांचं, लेकरामाणसांचं, आणि सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. मग सगळे बघत राहिले.

पाकळ्या पडेनात. समईची वात चरचरली. कोणीतरी खोकलं. पाषाणावरचं पाणी एका कोपऱ्यातून सुकायला लागलं, आणि दोन्ही पाकळ्या आपल्या जागी.

भाई मागे न वळता म्हणाले, "सत्यवाना, कायतरी सांगूचा ऱ्हवला."

मला सांगायचं होतं. सगळं माझ्या ओठावर होतं, सुतळीच्या मापासकट. मी तोंड उघडलं आणि आईने माझं मनगट धरलं, चिमटा नाही, नुसतं धरलं. तेव्हा कळलं की हे बाबांनीच बोलायचं आहे. एवढं कठीण काम मी प्रदर्शनातही केलं नव्हतं. मी तोंड मिटलं.

बाबा खांबाला टेकले होते. ते सरळ झाले.

"टायर बदललंय," ते म्हणाले. "कौल घेतल्यावर. मोठे घातलंय. देवाक सांगूक नाय, कोणाकच सांगूक नाय. चूक माझी. आठ सोडूचो नव्हतो माका."

मग धोंडूकाका म्हणाले, "टायर? माका वाटला आता इंजिन चोरीचा म्हणता की काय." भाईंच्या खांद्याला हसल्याचा हलकासा धक्का बसला, पण त्यांनी तोंड वळवलं नाही. त्यांनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं, आता टायरसकट. मी उजव्या पाकळीकडे बघत होते. इतकं बघितलं की ती हलते असं वाटायला लागलं.

पडली नाही. डावीही पडली नाही.

शेवटी भाईंनी दोन्ही पाकळ्या स्वतःच्या हाताने काढल्या. "कौल येवक नाय," ते म्हणाले. "जुनो कौल जुन्या गाडयेचो होतो, तो उठलो. नवो कौल देव देना नाय. म्हणजे आता तूच ठरय. देव आड येवचो नाय."

मला वाटलं बाबांना हायसं वाटेल. पण देवळाच्या पायऱ्या उतरताना त्यांनी कठडा धरला होता, जो ते कधी धरत नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही कुडाळला गुरुदासमामाच्या गॅरेजमधे गेलो. हा आईचा भाऊ नाही, सगळे त्याला मामाच म्हणतात. त्याच्याकडे एका मोडीत निघालेल्या ट्रकचं सहा-एकेचाळीस होतं. क्राऊन आणि पिनियन जोडीनेच बदलतात, एकमेकांशी घासून ते एकमेकांचे झालेले असतात. मामाने दुपारपर्यंत आठ-एकोणचाळीस बाहेर काढून गोणपाटावर ठेवलं. शेजारी सहा-एकेचाळीस. दोन्ही ऑइलमधे चमकत होती.

"घालू मां सहा?" मामा म्हणाला. "आताच सांगा. परत आठ घाल म्हणान इलास तर मी गॅरेज बंद करून दोडामार्गाक बागेत कामाक जातलंय."

बाबा माझ्याकडे वळले. "सांग गो. तू हिशेब केलंस."

मला पाहिजे होतं ते अगदी हाताशी होतं. फक्त हो म्हणायचं. आणि तेच मला म्हणवेना. कारण आता देव नव्हता, कौल नव्हता, मी हो म्हटलं तर बाबांना इथे मीच अडकवणार होते.

"बाबा," मी म्हटलं, "साठच्या वर जावची नाय. मुंबयच्या रस्त्यार सगळे तुमका मागे टाकतले. लांबचा भाडा कोण देवचो नाय."

"मगे?"

"मगे हयच."

"हयच म्हणजे खंय?"

मला किनारा म्हणायचं होतं, होड्या म्हणायचं होतं. "घराकडे," मी म्हटलं.

बाबा उकिडवे बसले. त्यांनी जुनं पिनियन उचललं आणि अंगठा एकेका दातावरून फिरवला. मला वाटतं ते दात मोजत नव्हते. मग ते खाली ठेवून म्हणाले, "घाल रे सहा." आणि मामा कामाला वळल्यावर मला म्हणाले, "आठ-एकोणचाळीस गोणपाटात बांध. मी घराक नेतंय."

अमावास्येच्या आधी धोंडूकाकांच्या दोन्ही होड्या वर आल्या. गाडी ओरडत, पावलापावलाने, म्हाताऱ्या माणसासारखी वाळू चढली आणि एकदाही बंद पडली नाही. मी केबिनमधेच होते, आरशात होडी आमच्या मागे येत होती आणि समुद्र तिच्या मागे राहत होता. काका म्हणाले, "आता गौरजाक बसवलंस म्हणान चढली, वजन होया फुडे." ह्या वेळेस दार पूर्ण उघडत होतं, म्हणून मी उतरून त्यांना उत्तर दिलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गोव्याच्या मालकाला बाबांनी येणार नाही म्हणून कळवलं. पुढच्याच रविवारी आम्ही मालवणहून येत होतो. तो अरुंद रस्ता, आणि आमच्या मागे पर्यटकांच्या गाड्यांची रांग, सगळे हॉर्न वाजवतायत. बाबांनी गाडी दाबली. काटा साठला टेकला, इंजिन रडायला लागलं, त्याच्यापुढे काही नव्हतं. त्यांनी पाय सैल सोडला आणि आरशात त्या रांगेकडे बघितलं, बराच वेळ. बाजूला घ्यायला जागाच नव्हती, ना त्यांना ना आम्हाला.

आठ-एकोणचाळीस आमच्या पडवीत, बाकाखाली आहे. पाऊस सुरू झाल्यावर एक दिवस शाळेतून आले तर आई ते गोणपाट उघडून बसली होती, हातात ग्रीसचा डबा आणि फडकं.

"आये, ता परत घालूचा नाय मां?"

"नाय."

"मगे ग्रीस कित्याक?"

"पावसात लोखंडाक गंज चडता," आई म्हणाली. "तेचा काय चुकला?"

मी दप्तर ठेवलं, दुसरं फडकं घेतलं आणि तिच्यासमोर बसून पिनियनचे दात पुसायला लागले.